भर दुपारची मेंढरं

हे माझ्या पोटच्या पोराच्या बाबतीत घडलंय. ज्याला खोटं वाटतं त्यानं टेंभुर्णीच्या अलीकडच्या वळणावर भर दुपारी अर्धा तास एकट्यानं उभं राहून दाखवावं. मग माझ्याशी वाद घालावा.

रात्र नव्हती. गेल्या साली अक्षय तृतीयेचा आदला दिवस, दुपारचे साडेबारा.

माझा गोरक्षनाथ जाफराबादहून पिकअप घेऊन घरी येत होता. शेजारी त्याची सात वर्षांची लेक, छकुली. तिच्या मांडीवर मातीची नवी घागर. सणाला माझ्या सासऱ्यांच्या नावानं पाणी भरायला मीच मागवलेली.

पोरगं गाडी चालवतं म्हणजे उधळलेला गोऱ्हा. किती शिव्या घातल्या, फरक नाही.

वळण शंभर पावलांवर आलं...

आणि घंटी वाजली.

तडा गेलेली. टण नाही, टक वाजणारी.

गोरक्षनाथनं आवाज लगेच ओळखला. ती घंटी त्याच्या आज्याच्या कळपाची. माझे सासरे, सांडूबाबा. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

उजवीकडच्या शेतातून मेंढरं वर चढली आणि हायवे ओलांडू लागली.

त्यानं ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. आमच्या घरचा नियमच तसा. आवाजानं एक मेंढरू बिथरलं की सगळा कळप त्याच्यामागं. लहानपणी फटफटी बंद केली नाही म्हणून आज्यानं त्याला भर बाजारात कानफटात दिल्ती.

तो बसून राहिला. मेंढरं संपेनात.

मग ध्यानात आलं... धूळ उडत नव्हती.

वास नव्हता.

खुरांचा आवाज नव्हता.

आणि साडेबाराच्या उन्हात मेंढरू चालत नसतं. एकमेकांच्या पोटाखाली मुंडकं घालून उभं राहतं. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

घंटी कळपाच्या पुढं असते. ही मागून येत होती...

सगळ्यात शेवटी घोंगडी पांघरलेला एक म्हातारा. घंटी त्याच्या हातात.

तो छकुलीच्या खिडकीशी वाकला. काहीतरी पुटपुटला. मग तोही नाही, मेंढरंही नाहीत.

तेवढ्यात वळणावरून सळयांचा ट्रेलर आडवा होत आला आणि पिकअपपुढं चार पावलांवर उलटला. सळया पार चाकापर्यंत घरंगळत आल्या. गोरक्षनाथ थांबला नसता, तर दोघंही त्याखाली होते.

छकुलीला ओरखडा नाही. घागरसुद्धा शाबूत.

ट्रेलरचा ड्रायव्हर मोडका हात धरून बाहेर आला. त्यानं विचारलं, गाडी मधेच का उभी केल्ती? गोरक्षनाथ म्हणाला, मेंढरं होती.

"भाऊ, मी तुमची गाडी लांबून बघून राह्यलो होतो. रस्त्यावर चिटपाखरू न्हवतं."

घरी येऊन पोरानं हे सांगितलं. मी म्हणाले, ऊन लागलंय, डोक्यावर कांदा ठेव.

पण तो बाहेर गेल्यावर मी लोखंडी पेटी उघडली. घंटी तिथंच होती, कुलपात. किल्ली माझ्या कमरेला. हात लावला...

चटका बसला. दिवसभर उन्हात फिरल्यासारखी तापलेली.

मागं छकुली उभी.

"आज्जी, घोंगडीवाल्या आजोबानं तुला निरोप दिलाय. एक कमी हाय म्हन."

मी पेटीचं झाकण धाडकन लावलं.

हायवेत चराईचा माळ गेला तेव्हा कळप मीच विकला. सासरे अंथरुणावर. त्यांचं एकच मागणं, घंटीवाली मेंढी तेवढी ठेव. मी म्हणाले, "ठेवली मामा, दावणीला हाय." ती त्याच सकाळी टेम्पोत चढली होती. जाताना वाजू नये, त्यांना कळू नये, म्हणून घंटी मी आधीच काढून घेतलेली.

त्या शब्दावर ते सुखानं गेले. माझं हे खोटं घरात कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घागर भरली, हात जोडले. आठवड्यात बाजारातून मेंढी आणली. तीच घंटी बांधली. म्हटलं, झालं बराबर.

आता रोज भर दुपारी ती सावलीत निजलेली असते. मान हलत नाही...

आणि घंटी वाजते.

छकुलीला मी त्या वेळी अंगणात जाऊ देत नाही. तरी परवा खिडकीतून बघत ती हळूच म्हणाली,

"आज्जी, आजोबा मेंढीकडं बघतच न्हाईत. तुझ्याकडंच बघून राह्यले."

आयुष्यात मी कुणापुढं नजर खाली केली नाही.

साडेबारा वाजले की आता भिंतीकडं तोंड करून बसते.