एकेचाळीस नंबरची हजेरी

ही गोष्ट ऐकीव नाही. ती माझ्याच बाबतीत घडली आहे. तिच्यात भूत असेलच, तर दोष त्याचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वेळही रात्रीची नाही. सोमवार, सकाळचे सव्वाआठ. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरचा आमचा वर्ग. समुद्र जवळ असल्यानं खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजलेल्या; त्या ना धड उघडत, ना धड मिटत.

माझा हजेरी क्रमांक बेचाळीस. एकेचाळीस माझा मित्र. तो कधीच वेळेवर उठत नसे, म्हणून आम्ही त्याला 'अलार्म' म्हणायचो. तो वसतिगृहात राही, मी एका शिंप्याच्या घरावरच्या भाड्याच्या खोलीत.

त्या सोमवारच्या आठ दिवस आधी, रविवारी, तो माझ्याकडे आला.

"उद्यापासून चार दिवस ताईकडे जातोय. तिला कळवलेलं नाही, अचानक जाऊन धडकणार. रेक्टरलाही बोलू नकोस. तेवढी माझी हजेरी सांभाळ, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाहीत."

"तुझ्यापायी माझा घसा बसायचा एक दिवस."

"बसू दे की. नाहीतरी तुझ्या गाण्यावाचून कुणाचं अडलंय?"

आमचे सर हजेरी घेताना पटावरून मान वर काढत नसत. एकेचाळीसला मी तोंडावर रुमाल धरून जाड आवाजात 'हजर' म्हणायचो. बेचाळीसला माझ्या आवाजात. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. वर्ग गालातल्या गालात हसायचा.

तो ताईकडे पोहोचलाच नव्हता.

मंगळवारी रेक्टरांनी त्याची रिकामी खाट पाहिली आणि कॉलेजात फोन केला. सरांनी पट उघडला. "रोज हजर आहे," ते म्हणाले.

रेक्टरांनी फोन ठेवला.

शुक्रवारी तो बंदराच्या बांधाखाली सापडला. दोन खडकांच्या फटीत. पाय मोडलेला. डॉक्टर म्हणाले, पडून चार दिवस झाले असावेत... आणि त्यांतले निदान दोन दिवस तो जिवंत होता.

शनिवारी त्याचे वडील माझ्या खोलीवर आले. ते बसड्रायव्हर. आदल्या दिवशी निरोप मिळताच कामावरून तसेच निघाले होते, अंगात अजून गणवेश होता. खाटेच्या अगदी कडेला बसले.

"बाळा, डॉक्टर काहीही सांगतात. पटावर गुरुवारपर्यंत हजेरी आहे. मी स्वतः पाहिली. म्हणजे तो गुरुवारी संध्याकाळी पडला. फार वेळ पडून राहावं लागलं नसणार त्याला. हो ना?"

मी त्यांच्यासाठी पेल्यात पाणी ओतलं.

"तू शेजारी बसायचास. गुरुवारी कसा होता तो?"

खरं सांगायची ती वेळ होती.

"बरा होता, काका," मी म्हणालो. "हसत होता."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आणि मग तो सोमवार.

सरांनी पटावर एकेचाळीसच्या ओळीवर लाल रेघ मारली होती.

"चाळीस."

"हजर."

सर क्षणभर थांबले. बेचाळीस म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं...

"हजर..."

जाड आवाज. रुमालाआडचा. माझ्या शेजारून, त्याच्या रिकाम्या जागेवरून.

तो अलार्मचा आवाज नव्हता.

माझा होता. मी त्याच्यासाठी काढायचो, तो.

माझं तोंड मिटलेलं होतं. हात बाकावर होते.

या वेळी कुणी हसलं नाही. सगळा वर्ग माझ्याकडे वळून पाहत होता. पुढच्या बाकावरची मुलगी हळू आवाजात म्हणाली, "अरे, तो गेलाय. आता तरी पुरे कर."

मी काही बोललो नाही, हे पटवून देण्यासाठी मी खिशातून रुमाल काढला. त्याची इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती...

पण तो ओला होता. पिळला तर पाणी निघेल इतका. बोट जिभेला लावलं. खारट.

परीक्षेपर्यंत रोज तो आवाज आला. माझ्याशी बोलणं सगळ्यांनी हळूहळू सोडलं. मी कुणाला दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. काका दर वर्षी त्या तारखेला फोन करतात. "त्या गुरुवारचं पुन्हा सांग रे." आणि मी सांगतो. एका वर्षी मी त्याला निळा शर्ट घातला. एका वर्षी त्याच्या तोंडी ताईची आठवण घातली. काकांना आता सगळं पाठ आहे. मी चुकलो तर तेच दुरुस्त करतात.

आज सकाळी त्यांचा फोन आला. आवाज फार थकलेला होता. वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"काका, आज खरं सांगतो. त्या गुरुवारी तो वर्गात..."

पुढचा शब्द घशातून निघेना.

"हजर..."

माझ्या खांद्यामागून. जाड. रुमालाआडून.

खोलीत मी एकटा होतो.

पलीकडे काकांनी लांब श्वास सोडला. "तेच तर," ते म्हणाले. "मी त्या डॉक्टरला तेच सांगत होतो."

त्यांनी फोन ठेवला.

हे लिहितो आहे तेव्हा दुपार झाली आहे. खिशातला रुमाल मी अजून बाहेर काढून पाहिलेला नाही.

खिसा मात्र मघापासून मांडीला गार लागतो आहे...