ताठ उमटलेला शिक्का

क्योतोच्या ओमुरो कंपनीने चाळिशीनिमित्त आपले जुने व्हिडिओ गेम पुन्हा खेळवणारं खेळयंत्र काढलं, आणि तिसऱ्याच दिवशी त्याच्या पोटात चोरीचा माल सापडला.

माल सेगावाचा. ओमुरोच्या जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग संगणकावर वठवणारा इम्युलेटर या पोराने लिहिला, म्हणून कंपनीने त्याला कोर्टात खेचून देशोधडीला लावलं होतं. आता कंपनीचं स्वतःचं यंत्र त्याच्याच प्रोग्रामवर चालत होतं!

त्या प्रोग्रामची डिस्क पुरावा म्हणून कंपनीच्या तिजोरीत होती. नोंदवहीत ती बाहेर नेल्याची एकच नोंद होती आणि पुढे सहीच्या जागी शिक्का हातानोंचा. हातानो तळघरात जुने खेळ सांभाळायचे. संध्याकाळी त्यांना पोलिसांच्या ताब्यात द्यायचं ठरलं होतं. कंपनीच्या तपासनीस कुरामोचीबाईंच्या हातात दुपार तेवढी होती.

"डिस्क तुम्ही नेलीत?"

"नाही हो बाई. मला ईमेल पाठवायलासुद्धा शेजारचा लागतो."

"शिक्का तुमचाच ना?"

"आडनाव माझं. असा शिक्का नाक्यावरच्या दुकानात कुणालाही मिळतो."

"यंत्रात आपलाच मूळ प्रोग्राम का नाही घातला?"

"आहे कुठे तो? जागा अडते म्हणून साहेबांनीच भंगारात घातला. रडलो होतो मी." म्हातारा घुटमळला. "बाई, या यंत्रातल्या कोल्ह्याच्या जुन्या खेळाच्या शेवटी नावं येतात ना, त्यात माझं आहे. ते बघायला नातू खेळ शेवटपर्यंत खेळतो. तेवढं पुसू नका."

बाईंनी वही पहिल्या पानापासून चाळली. हातानोंचे चारशे शिक्के. सगळे डावीकडे, वरिष्ठाच्या शिक्क्याच्या चौकटीकडे मान वाकवलेले. शेवटचा तेवढा ताठ होता.

त्या थेट वरच्या मजल्यावर गेल्या. काझुआकी ओमुरो, कंपनीचे मालक, चहा घेत होते.

"साहेब, हा शिक्का हातानोंनी मारलेला नाही."

"कशावरून?"

"हाताखालचा माणूस शिक्का कलवून मारतो. वरिष्ठापुढे वाकायची रीतच आहे आपली."

"घाईत राहिलं असेल."

"घाईत तर सवयच आधी धावून येते. हा शिक्का मारणाऱ्यावर जन्मात वाकायची वेळ आली नाही. या इमारतीत असा माणूस एकच, कॉलेजातून थेट वडिलांच्या खुर्चीत बसलेला. मूळ प्रोग्राम तुम्ही भंगारात घातलात. यंत्र तर काढायचं होतं. मग ज्या पोराला चोर म्हणून बडवलंत, त्याच्याच मालावर डल्ला मारलात."

ओमुरो रागावले नाहीत. उलट खुशीत हसले.

"बाबा मला हे शिकवायचं विसरले बघा."

त्यांनी वहीचं पान फाडलं, कोऱ्या पानावर तीच नोंद लिहिली, खणातून हातानोंचा शिक्का काढला आणि उमटवला. डावीकडे कलवून.

"आता जमलं? सेगावाला आतून मदत करणारा हा म्हातारा. कंपनी बिचारी फसली."

"अशा अहवालावर मी शिक्का देणार नाही."

"कोण मागतंय?" ओमुरोंनी खणातून दुसरा शिक्का काढला. त्यावर 'कुरामोची' होतं. हातानोंना दोषी ठरवणारा अहवाल आधीच टाइप होऊन पडला होता. त्यांनी शिक्का सावकाश कलवला, दाबला, फुंकर मारून वाळवला. "आभारी आहे, बाई. तुमच्यामुळे चूक कळली."

बाईंना स्वतःच्या हुशारीची किळस आली. खाली अंगणात पोलिसांची गाडी आली होती. हातानो कुणी न सांगताच तिच्याकडे निघाले होते, वाटेत भेटेल त्याला वाकून नमस्कार करत.

त्या आठवड्यात इंटरनेटवरून घरोघरच्या यंत्रांत कंपनीची एक सुधारणा आली. नातवाने कोल्ह्याचा खेळ पुन्हा शेवटपर्यंत खेळला. सगळी नावं वर सरकून गेली, तरी तो आजोबांच्या नावाची वाट बघत पडद्यासमोर बसून राहिला.