टपावरची थाप

ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. माझ्या सख्ख्या साडूवर गुदरलेली आहे. टेम्पोवाला माणूस, तोंडाचा फटकळ, भुताखेतांची टिंगल करणारा. आता हा विषय निघाला की उठून जातो.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार, रात्रीचे दहा. एका घरातली खोली रिकामी करून सामान कचरा डेपोवर टाकायचं होतं. घरातले म्हातारे आजोबा महिन्यापूर्वी वृद्धाश्रमात वारले होते. लेक म्हणाला, काही मागे ठेवू नका. खाट, गादी, खुर्ची, वाकड्या मुठीची काठी. साडूला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तोही वडिलांना त्याच आश्रमात सोडणार होता. फक्त त्यांना सांगायचं राहिलं होतं.

टेम्पोवाल्यांची एक रीत असते. हमाल मागे हौद्यात उभा राहतो आणि केबिनच्या टपावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

डेपोवर साडू आणि त्याचा हमाल, दोघांनी सगळं ढिगात फेकलं. काठी साडूने स्वतः भिरकावली. हमालाचं घर तिथंच, तो पायी गेला. साडू एकटाच परत निघाला.

वाटेत आश्रमाचं फाटक लागलं. उद्या इथंच यायचंय, म्हणून बघायला त्याने गाडी हळू केली.

टपावर दोन थापा.

सवयीने त्याने गाडी पुढे काढली. मग आठवलं... हमाल तर उतरलाय. मागच्या काचेतून पाहिलं. हौदा रिकामा.

त्याने वेग वाढवला. आवाज नाही. काहीच नाही. स्वतःची गल्ली आली. स्वतःचं दार...

एक थाप.

तो थांबला. मागून कुणी उतरावं तशी गाडी हलली.

दार उघडंच होतं. वडील खाटेवर बसलेले. मांडीवर कपड्यांची पिशवी, नीट भरलेली. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"उद्या निघायचं ना?" ते म्हणाले. मग दाराकडे बघून, हळूच, "पण हे नको म्हणतायत."

साडू ढसाढसा रडला. "कुठे जायचं नाही, बाबा," म्हणाला, आणि पिशवीतले कपडे एकेक करून काढून ठेवले. मग दार लावायला वळला.

दाराआड वाकड्या मुठीची काठी उभी होती. टोकाला डेपोचा चिखल... ओला.