चौथ्यांदा कॅलिब्रेशन

नेहमीचे वयस्क तंत्रज्ञ पाय मुरगळून घरी बसले, म्हणून त्यांच्या जागी तो आला; एरवी त्याची नि तिची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. तिच्या छपाईच्या दुकानातला रुंद प्रिंटर त्याने उघडला, कॅलिब्रेशन केले, म्हणजे शाईचे ठिपके नेमके जुळवले, आणि केसासारख्या रेषा स्वच्छ उमटू लागल्या. ती हरखली. सकाळी पाहते तो रेषा पुन्हा फुटलेल्या! असे तीनदा झाले. संध्याकाळी तो यायचा, रेषा सुधारायच्या. रात्र सरली की पहिले पाढे पंचावन्न.

तिच्या मनात पाल चुकचुकली. हा कधी घाई म्हणून करत नाही. भिंगातून रेषा दाखवायला तिला बोलावतो... आणि ती वाकली, की रेषा सोडून तिच्याकडेच पाहतो. बिघाड हाच मागे ठेवून जात नसेल कशावरून?

“प्रिंटरला दृष्ट लागलीय,” वहिनी म्हणाली, “की प्रिंटरवाल्याला?”

“गप बस गं, वहिनी!”

पण प्रकरण हसण्यावारी नेण्याजोगे राहिले नव्हते. वनस्पतिशास्त्राच्या बाईंची नेच्यांची चित्रे, म्हणजे दुकानाला मिळालेले पहिले प्रदर्शनाचे काम, तीनदा धूसर आली होती. “आज पानांच्या शिरा दिसल्या नाहीत, तर मी दुसरीकडे जाते,” बाईंनी बजावले होते.

म्हणून चौथ्या खेपेला तिने त्याला दुपारीच बोलावले, आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्या खांद्याशी उभी राहिली.

“आज पहारा आहे वाटतं?”

“सावाला पहाऱ्याचं काय भय?”

त्याने झाकण उघडले. हात थेट आतल्या खटक्यावर गेला. खटका हलकेच खाली आला.

“थांबा! आत्ता काय केलंत?”

त्याचे कान लाल झाले.

“शाई सोडणारं हेड वर राहिलं होतं... खाली घेतलं. शाई उंचावरून पडली, की हेड जातानाचा ठिपका नि येतानाचा ठिपका एकमेकांवर बसत नाहीत.”

“वर कोणी केलं?”

“तुम्ही. सकाळी पुसताना.”

“तुम्हीच सांगितलं होतंत — खटका वर करा, खालची धूळ टिपा!” आणि दुकान उघडताच, इतर सगळ्याच्या आधी, ती तेच एक काम मनापासून करत आली होती.

“हो. पुन्हा खाली करा, हे सांगायचं राहिलं. त्या दिवशी... माझं लक्ष नव्हतं.”

“आणि कळलं कधी?”

“दुसऱ्या खेपेला.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर तिसरी खेप झाली नसती.”

म्हणजे संशय निम्मा खरा होता! तिला राग आला — आणि रागाच्या तळाशी काहीतरी सुखावले, याचा त्याहून अधिक आला.

“तुमच्या खेपांपायी माझं काम हातचं जात होतं, ठाऊक आहे?”

ते त्याला ठाऊक नव्हते. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “बाईंना मी सांगतो. चूक माझी आहे.”

दुपारभर तो ठिपक्यावर ठिपका बसवत राहिला. बाई आल्या तेव्हा खरोखरच पुढे होऊन त्याने सारे कबूल केले. बाईंनी भिंग लावले. नेच्याची शीर न् शीर मोजता येत होती.

“छापा उरलेली,” त्या म्हणाल्या.

तो हत्यारांची पिशवी आवरू लागला. तिने फोन उचलला.

“तुमच्या साहेबांना सांगते — यापुढे दुसरा माणूस पाठवा.”

“बरोबर आहे,” तो मान खाली घालून म्हणाला.

“प्रिंटरसाठी दुसरा,” ती म्हणाली. “तुम्ही रविवारी या... दुकान बंद असतं.”