खुर्चीतला हुंकार

हे मी कुणाला पटवायला लिहीत नाही. मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. एकदा आलेल्या आकड्यावर माझा स्वतःचाही विश्वास नसतो, मी नमुना पुन्हा लावते.

हेही मी पुन्हा लावून पाहिलं.

आणि वेळ रात्रीची नव्हती. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. दुसरा मजला, आमची बाहेरची खोली, खिडकीतून सरळ आत आलेलं ऊन. टीव्ही, सोफा आणि आईची वेताची खुर्ची.

आईला जाऊन तेव्हा सव्वीस दिवस झाले होते.

साखरेने आईची नजर जवळजवळ गेली होती. टीव्हीवर तिला नुसते रंग हलताना दिसायचे. तरी तिला एका कोरियन मालिकेचा नाद लागला. "माणसं मनापासून रडतात," म्हणायची. भाषा कळत नव्हती, खालची अक्षरं दिसत नव्हती. मग नाइट ड्युटीवरून आले की मी चहाचा कप घेऊन सोफ्यावर बसायचे आणि खालच्या इंग्रजी ओळी तिला मराठीत वाचून दाखवायचे.

गोष्ट जड होती. एका माणसाच्या गाडीखाली कुणाचा तरी लहान भाऊ गेलेला असतो. शिक्षा भोगून तो सुटतो, एका लॉन्ड्रीत कामाला लागतो आणि नेमका त्याच भावाच्या बहिणीवर जीव लावून बसतो. तिला ठाऊक नसतं, हा कोण. प्रत्येक भागात तो खरं सांगायचं ठरवतो आणि सांगत नाही. असे सोळा भाग.

कोरियन नावं आईच्या जिभेवर बसेनात. तो इस्त्रीवाला झाला, ती सोशिक.

"सोशिकला कळलं का गं? अजून नाही? मग हा मेला तोंडात मिठाची गुळणी धरून किती दिवस बसणार आहे?"

प्रत्येक ओळीनंतर ती हुंकार द्यायची. "हं." लहानपणी ती गोष्ट सांगायची तेव्हा दादाला आणि मला हाच नियम होता. हुंकार थांबला की गोष्ट बंद. आता ऐकणारी ती होती, एवढाच फरक.

शेवटच्या भागाच्या दिवशी मी सलग सहावी रात्र करून आले होते. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होत होतं. उद्या बघू म्हटलं, तर आई म्हणाली, "आजच. एवढं माझं ऐक."

अठरा मिनिटं वाचलं. मग माझे डोळे मिटले...

आणि मी मिटल्या डोळ्यांनीच सांगत राहिले. मनचं. त्याने सगळं सांगून टाकलं. तिने माफ केलं. लग्न झालं.

टीव्हीतून हुंदके ऐकू येत होते.

"लग्नात एवढं रडतात का गं?" आईने विचारलं.

"आनंदाश्रू आहेत, आई. संपली मालिका." मी टीव्ही बंद केला.

ती काही बोलली नाही. हुंकारही नाही. मला वाटलं, तिचा डोळा लागला. बरं झालं, असंही वाटलं. मी आत जाऊन झोपले.

नऊ दिवसांनी ती झोपेतच गेली. खरा शेवट तिला सांगायचा राहिला.

तेच डाचत होतं. म्हणून त्या सकाळी मी टीव्ही लावला. सोळावा भाग मागे नेऊन अठराव्या मिनिटावर आणला. ऐकायला कुणी नव्हतं, तरी मी मोठ्याने वाचलं.

"'तू रोज इथे का येतोस?'"

...हं.

नाकातून आलेला, शेवटी जरासा वर गेलेला. खुर्चीच्या बाजूने.

मी टीव्ही थांबवला. फ्रिज घरघरत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली. खुर्चीतली गादी सपाट होती.

पुढची ओळ वाचली. हं. त्याच्या पुढची. हं.

अकरा ओळी, अकरा हुंकार.

लॅबमध्ये आम्ही नमुन्यांबरोबर असा एक नमुना लावतो, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. मशीन बरोबर चालतंय ना, ते त्यावरून कळतं. मी तसंच केलं. पडद्यावर लिहिलं होतं, 'मला माफ करू नकोस.' मी वाचलं, "'मला माफ कर.'"

काहीच नाही...

पुन्हा नीट वाचलं. "'मला माफ करू नकोस.'"

हं.

खऱ्या आणि खोट्या ओळी उलटसुलट करून मी पाच वेळा पाहिलं. खोट्या ओळीला एकदाही हुंकार आला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी आईचा डोळा लागलेला नव्हता.

मी दादाला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "किती तास झोपलीस?" म्हणाला. "झोपेचं खोबरं झालं की भिंतीसुद्धा बोलतात, बाई." मग म्हणाला, रेकॉर्ड कर.

दुसऱ्या दिवशी मोबाइल खुर्चीच्या हातावर ठेवून उरलेला भाग वाचला. रेकॉर्डिंगमध्ये फक्त माझा आवाज आहे. एक ओळ, थोडं थांबणं, पुढची ओळ. दादा म्हणतो, यात काय आहे? काहीच नाही. पण मी उगाच थांबत नव्हते.

शेवटात लग्नबिग्न नव्हतं. सोशिक त्याला माफ करत नाही. लॉन्ड्रीबाहेरच्या बाकावर येऊन बसते, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. संपलं.

शेवटचा हुंकार जरा लांब होता.

मी टीव्ही बंद केला. रेकॉर्डिंगही.

"आई, त्या दिवशी मी खोटं सांगितलं."

हं.

"फार थकले होते गं."

हं.

मी म्हणाले, "मला तुझा कंटाळा नव्हता आला. कधीच."

...

फ्रिज बंद झाला. खोलीत कसलाच आवाज उरला नाही. मी घड्याळाकडे बघत चार मिनिटं थांबले.

याला आता दोन महिने झाले. खुर्ची तिथेच आहे. ती हलवायला दादा दोनदा येऊन गेला, मी नको म्हटलं. ते कंटाळ्याचं वाक्य मी तीन वेगवेगळ्या सकाळी पुन्हा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा हुंकार नाही.

कुठल्या वाक्याला हुंकार येईल, ते मला माहीत आहे. लहानसंच वाक्य आहे.

रोज सकाळी मी ड्युटीवरून येते, चपला काढते, खुर्चीसमोर क्षणभर उभी राहते... आणि तोंडात मिठाची गुळणी धरून झोपायला जाते.