अळणी भरीत

"मॅडम, माझ्या आबांना जरा बेतानं चालवा बरं!"

भूमिकानं वळून पाहिलं आणि खरं सांगायचं राहूनच गेलं. पिंप्राळ्यातल्या हृदयरुग्णांच्या व्यायामवर्गात ती तोतारामआबांच्या शेजारी चालत होती, पण शिकवायला नव्हे. आबांसारखंच तिचंही हृदय कमजोर होतं. एका तापानं घात केला होता, आणि ते कळताच ठरलेली सोयरीकही मोडली होती. आबांचा हा हसरा मुलगा, तेजस, तिला शिकवणारी समजत होता... समजू दे की! कुणीतरी कीव न करता बघतंय, हे तिला फार आवडलं.

वर्गाचा नियम एकच, चालताना बोलता आलं पाहिजे. तेजस लवकर येऊन तिला बोलतं ठेवायचा.

"दमलात का मॅडम?"

"छे! मी कशाला... दमू?"

वरच्या मजल्यावरच्या वर्गाचा जिना सोबत चढताना मात्र दर वळणावर त्याच्या बुटाची नाडी सुटायची. काय वेंधळा आहे, म्हणत ती तेवढ्यात श्वास घेऊन घ्यायची.

थंडी पडली तशी आबांनी केळीच्या मळ्यात सगळ्यांना भरीत खायला बोलावलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. भांडी दोन होती. पेशंटांसाठी बिनमिठाचं, बाकीच्यांसाठी नेहमीचं. मीठ भूमिकालाही वर्ज्य होतं, पण अळणी घेतलं की बिंग फुटणार! तिनं ताट नेहमीच्या भरिताच्या भांड्याकडे नेलं.

तेजसनं त्यावर झाकण ठेवलं. "ते नको. आपलं भांडं हे."

त्यानं अळणी भरीत तिला वाढलं, मग स्वतःला.

"तुम्हाला... कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. बोलताना अर्ध्यावर थांबता ना, तेव्हाच."

"मग ती नाडी?"

"कधी सुटलीच नाही."

तिचे डोळे भरले. रागही आला. "म्हणजे कीवच करत होतात!"

"कीव आली असती तर खाली खुर्ची टाकून दिली असती. मला तुमच्यासोबत वर जायचं होतं."

त्यानं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. आबांनी पाहिलं.

"काय रे, जळगावचा तू, अन् अळनी भरीत? जलमभर खाशीन का?"

"खाईन की आबा. वाढणारी हो म्हणाली तर..."

भूमिकानं डाव उचलला, त्याच्या ताटात आणखी भरीत वाढलं आणि वर लिंबू पिळलं.

"होईल सवय," ती म्हणाली, "हळूहळू..."