झाकणाएवढा प्रलय

टण्ण… ण्ण… ण्‌ ण्‌ ण्‌… थप्प.

पडद्यावर समुद्रानं अख्खं शहर गिळलं होतं. थिएटरात चिडीचूप. त्या शांततेत हा आवाज आला… सिनेमात तो कोसळणारा शेवटचा उपग्रह होता. आणि मी फस्सकन हसले!

मागच्या रांगेतून कुणीतरी वाकलं. "हसण्यासारखं काय आहे? माणसाची शेवटची आशा पडलीय ती."

"आशा कसली अहो, पातेल्याचं झाकण आहे ते," मी कुजबुजले. "एका बाजूनं चेपलेलं. माझी लेक दिवसभर फरशीवर फिरवत असते. झोपेतसुद्धा ओळखीन."

"चेपलेलं आहे, हेही कळलं?"

"बसताना लंगडतं ना."

मागून अगदी हळू आवाज आला — "पकडलंत. माझ्याच घरचं आहे."

दिवे लागले तेव्हा मी वळून पाहिलं. विस्कटलेले केस, चोरी सापडल्यासारखं हसू. सिनेमात पावलं, दारं, वादळं यांचे आवाज मागाहून भरतात ना, ते भरणं हे त्याचं काम. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं, आवाजवाला.

मी एका साप्ताहिकात सिनेमावर लिहिते. संपादकांची शिस्त कडक. अर्धा रकाना जमेच्या बाजू, अर्धा उणिवा. पायऱ्या उतरताना हे सांगितलं, तर त्यानं विचारलंच, "मग? जमेला काय?"

"पूर्वार्ध. संकट येतंय असं कुणी भाषण ठोकत नाही. नळाला गढूळ पाणी येतं, कुत्री गप्प होतात. आणि ती म्हातारी… घर सोडून पळताना गॅस बंद केलाय का बघायला परत जाते."

"आणि झाकण?"

"तेही जमेला. लंगडं असलं तरी."

"उपकार झाले! आता उणिवा."

"नायक एवढा धावतो, पण त्याला ना तहान ना भूक. शेवट तर पाहुणे दारात असताना घर आवरावं तसा उरकलाय. एवढं बुडालं, आणि लगेच ऊन काय, मिठ्या काय! शिवाय ते प्रेम… पूल कोसळतोय आणि ही दोघं डोळ्यांत डोळे घालून उभी. जग बुडताना कुणी प्रेमात पडत नाही हो."

"मग काय करतं?"

"लेकराचे बूट शोधतं."

तो हसला नाही. मला तेवढंच पुरलं.

कारण मी शोधले होते. भिंगरीला — माझी लेक सारखी गोल गोल फिरते, म्हणून भिंगरी — नुकतं चालता येऊ लागलं होतं. तिचा बाबा सकाळी कामाला गेला आणि दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. तेव्हा मी आधी तिचा दुसरा बूट शोधत बसले होते. पलंगाखाली, कपाटामागे… तो सापडला की सगळं ठीक होईल, असं काहीतरी वेड. बूट सापडला. तिचा बाबा परत आला नाही.

परीक्षण छापून आलं आणि त्याच आठवड्यात आवाजवाला कचेरीतून पत्ता मिळवून दारात उभा. हातात साप्ताहिक, खांद्याला माइकची पिशवी. "तुमच्याकडचं झाकण ऐकायला आलोय."

भिंगरीनं त्याला नीट न्याहाळलं. "तुझ्याकडे आहे का झाकण?"

त्यानं पिशवीतून काढून दाखवलं. झालं! दोघं पोटावर आडवी पडली आणि माझ्या स्वयंपाकघरात उपग्रह कोसळू लागले.

मग तो येतच राहिला. ताईनं फोनवर चिमटा काढला, "काय गं, झाकण ऐकायला रोज यावं लागतं का?"

"कामच आहे त्याचं," मी म्हणाले. कान गरम झाले होते.

एका दुपारी त्यानं माझं परीक्षण जमिनीवर पसरलं आणि वरून मूठभर तांदूळ सोडले, हळू… अगदी हळू. "डोळे मिटा दोघी."

मिटले. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि घरात पाऊस पडत होता. जमेच्या बाजूंवर सर आली, मग उणिवांवर भुरभुर… भिंगरी त्या पावसातच झोपून गेली. मी डोळे उघडले तर तो पावसाकडे बघत नव्हताच.

"काय बघताय?"

"उणिवा शोधतोय."

"सापडल्या?"

"चहात साखर कमी असते. बाकी अजून… वेळ लागेल."

मी तांदूळ वेचायला लागले. एकच दाणा मला तीनदा उचलावा लागला.

परवा संध्याकाळी बागेत निघालो, तर भिंगरीचा एक बूट गायब. मी पलंगाखाली, कपाटामागे बघत सुटले. उगाच… बूटच तर होता. पण आवाजवाला सरळ सोफ्याखाली शिरला. बाहेर दिसत होते फक्त त्याचे पाय. आणि खालून दबका आवाज आला, "मला रोज परत जायचा कंटाळा आलाय."

"काय म्हणालात?"

"धूळ फार आहे इथे."

"त्याच्या आधी."

"…ऐकू आलंय तुला. लंगडं झाकण ओळखतेस तू."

तू! पहिल्यांदाच तू. "पुन्हा सगळं बुडालं तर?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मी सावरेन कशीतरी. पण ही?"

"बुडणारच नाही असं नाही म्हणत मी. सिनेमात नाही मी." तो बाहेर सरकला. केसांत जळमटं, हातात इवलासा बूट. "पण एकीनं पोरीला घ्यावं, एकानं बूट शोधावा. लवकर निघता येतं."

"मला उरकलेला शेवट आवडत नाही," मी कसंबसं म्हणाले.

"शेवट कोण म्हणालं?"

तो गुडघ्यावर बसून बूट चढवू लागला. भिंगरीनं त्याच्या केसांतलं जळमट अलगद काढलं. मग माझ्याकडे मान वर करून विचारलं,

"आई, तू याला रोज घरी का पाठवतेस?"